कबरीचा उजवा सड

मी वकील आहे, जिंतूरच्या कोर्टात प्रॅक्टिस करते. "म्हणतात", "ऐकलंय", "गावात सगळ्यांना माहीत आहे" असल्या शब्दांवर विश्वास ठेवून माझं पोट भरत नाही. कुणी भुताखेताचं सांगायला लागलं की मी मनातल्या मनात उलटतपासणी सुरू करते... तुम्ही स्वतः पाहिलं का? उजेड होता का? या ग्रुपवरचे अनुभवही मी आजवर तसेच वाचत आले, राग मानू नका. पण हा प्रकार मी स्वतः पाहिलाय, आणि भर दुपारी पाहिलाय. म्हणून लिहिते.

माझी मावशी बोरीजवळ शेतातल्या घरात राहते. पत्र्याचं घर, दारात लिंब, बाजूला शेळ्यांचा गोठा. घरात काका, मुलगा आणि सून पूजा. हरभरा काढायचं चालू होतं तेव्हा कामावरच्या बायकांना सरीत काळविटाचं पिल्लू दिसलं. एकटंच, अंग चोरून बसलेलं. हलेना की पळेना. बायका म्हणाल्या, आईनं टाकलं. कुत्री फाडतील म्हणून मावशीनं ते पदरात गुंडाळून घरी आणलं.

आमच्या भागात ही चूक दर हंगामात कुणीतरी करतंच. हरणी पिल्लाला पिकात बसवून चरायला जाते आणि पाजायला परत येते. तोवर हलायचं नाही, हे पिल्लाला उपजतच कळतं. म्हणजे त्याला कुणी टाकलेलं नसतं. हे मलाही नंतरच समजलं.

मावशीच्या कबरी शेळीचं करडू नुकतंच मेलं होतं. कास दुधानं भरलेली. मावशीनं पिल्लू तिच्याखाली लावलं. कबरीनं आधी लाथा झाडल्या, मग चाटायला लागली. शेळीवाल्या घरात एक वाटणी असते, एक सड घराला आणि एक पिल्लाला. इथंही तसंच ठरलं. डावा सड चहाला, उजवा चिंगीचा. चिंगी हे मावशीनं ठेवलेलं नाव.

पुढं काय होणार ते तुम्ही ओळखलं असेलच. पूजानं रील टाकली. चिंगी कबरीच्या कासेला ढुशा देत पितेय, शेपटी गरागरा फिरतेय, मागे गाणं. ती मला माझ्याच एका अशिलानं दाखवली, "मॅडम, बघा ना किती गोड!" मी बघितलं तर मागे मावशीच्या दारातला लिंब.

काळवीट वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतं, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. घरात ठेवलं तर किमान तीन वर्षं कैद. जीव लावून सांभाळलं, ही सबब त्यात कुठं लिहिलेली नाही. मी कोर्टातून थेट मावशीकडे गेले.

"मावशी, हे पाळता येत नाही. गुन्हा आहे. वन विभागाकडे द्यावं लागेल."

"मी कुटं पाळायले? तीच राहायली हितं."

"जजसमोर असं बोलू नकोस."

"आन् लोक पिंजऱ्यात राघू पाळतेत, त्यायला कोन धरतंय?"

"तोही गुन्हाच आहे."

"आगं माय! मंग तुज्या कायद्यात मानसानं पाळावं तरी काय?"

"शेळी," मी म्हणाले. पूजा हसली, मावशी नाही.

तुरुंगाची भीती तिला नव्हतीच. तिचा एकच मुद्दा होता आणि तो ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली. "ती बाटलीनं पेत न्हाई, बाई. मी लय करून बगितलं. तिला कबरीच लागती. न्हेली तर उपाशी मरंल. मरनार न्हाई असं लिहून देतेत का ते?"

असं कुणी लिहून देत नाही. मी वन विभागाला फोन केला, घरचे स्वतःहून ताब्यात देताहेत असं सांगितलं. वनरक्षक समजूतदार निघाला. पंचनामा झाला, केस झाली नाही. चिंगीला जिल्ह्याबाहेरच्या प्राणी केंद्रात नेलं. गाडी गेली तेव्हा कबरी दाव्याला हिसके देत ओरडत होती, आणि मावशी घराबाहेर आलीच नाही. मी केलं ते बरोबरच होतं. तरी त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

निघताना मी पूजाला बजावलं होतं, दोन्ही सड पिळा, नाहीतर कास दगडासारखी होईल. पण मावशी हटून बसली, उजव्याला हात लावणार नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिचा फोन. "बाई, उजवा सड रिकामा हाय. डावा भरलेला, उजवा रिकामा. वला बी हाय, आत्ताच कोनी पेल्यावानी."

मी म्हटलं, दुसरं करडू पीत असेल. नाही, कबरी वेगळी बांधलेली. मग स्वतःच पीत असेल, काही शेळ्यांना ती खोड असते. पूजा म्हणाली, धामण पीत असेल. धामणीला दूध ओढता येत नाही, हे मी तिला सविस्तर सांगितलं. शेवटी म्हटलं, कासेला पिशवी बांधा. करडांनी पिऊ नये म्हणून आमच्याकडे शेळीच्या कासेला कापडी पिशवी चढवून पाठीवर गाठ मारतात, तीच. बांधली. गाठ जशीच्या तशी, पिशवी आतून ओली, उजवा सड रिकामा. असं रोजच व्हायला लागलं.

एका रविवारी मी स्वतः गेले. गाठ मी मारली, आणि बाज टाकून कबरीसमोर बसले. लख्ख ऊन. मावशी शेजारी शेंगा फोडत होती. चिंगीला पूर्वी ज्या वेळी पाजायचे, ती वेळ झाली तशी कबरी उठली. मागचे पाय फाकवून उभी राहिली, मान वळवून पोटाखाली हुंगलं, आणि हवेत जीभ फिरवून चाटायला लागली.

मग पिशवी खालून वर उचलली गेली. एकदा... थांबून पुन्हा. पिल्लू ढुशी देतं, अगदी तशी. खाली काहीही नव्हतं. माती होती, लेंड्या होत्या.

"पान्हा सोडायली," मावशी शांतपणे म्हणाली, आणि शेंगा फोडत राहिली.

थोड्या वेळानं कबरी बसली. मी गाठ सोडली. उजवा सड सुकल्यासारखा लोंबत होता. मला भीती वाटली. आडपडदा न ठेवता सांगते, फार वाटली.

यातलं काहीच मी बाहेर बोलले नाही. दुसऱ्या दिवशी मावशीच्या आग्रहानं वनरक्षकाला फोन लावला, चिंगी कशी आहे विचारायला.

"ताई, काय सांगू," तो म्हणाला. "बाटलीला तोंड लावायली न्हाई ती. डॉक्टरनी आशा सोडली होती. पन वजन वाढायलंय तिचं! रोज दुपारी कोपऱ्यात जाती, मान वर करून उभी ऱ्हाती आन् शेपटी हलवती. तोंडाला फेस असतो. डॉक्टर म्हनले, असं कदी बगितलं न्हाई."

मी "बरं" म्हणून फोन ठेवला.

मावशीला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मंग जगंल."

पाऊस लागला, सोयाबीन गुडघ्याला आलं. आणि एका सकाळी मावशीचा फोन आला. "उजवा सड भरलाय गं माय... तट्ट भरलाय. गेली माजी चिंगी."

मी गेले. कबरी अवघडून उभी होती. मावशी लिंबाखाली डोक्यावरून पदर ओढून बसलेली. वनरक्षकाला फोन लावावासा मला वाटेना. उत्तर माहीत नसलेला प्रश्न साक्षीदाराला विचारू नये असं आम्हाला शिकवतात, पण ते उत्तर मला नकोच होतं. शेवटी लावला, आणि स्पीकर ऑन केला.

"ताई, मीच तुमाला फोन करनार होतो," वनरक्षक म्हणाला. "काल सोडलं तिला कळपात. आता चांगली चरती. आधी बुजली, मंग एक मादी आली, हुंगलं तिला. गेल्या दोघी बी."

याचा खुलासा माझ्याकडे आजही नाही. दुसऱ्या कुणी अशी साक्ष दिली असती तर मी तिच्या चिंधड्या केल्या असत्या. इथं साक्षीदार मीच आहे, आणि मी पाहिलं ते पाहिलं.

फोन बंद झाल्यावर मावशी उठली. मग पदरानं डोळे पुसले, तांब्या घेतला, कबरीजवळ बसली आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा उजव्या सडाला हात घातला. दुधाची धार वाजली. पूजानं चूल पेटवली.

"घे," मावशीनं कपबशी माझ्यापुढं केली. "आता हे आपलं."