साधा कॉल करा ना

सुरतेत, उधन्याच्या लूम कारखान्यात तीस वर्षं काढून बाबांचे कान गेले. तिथल्या खडखडाटात कुणी आवाजाने बोलतच नाही, सगळे एकमेकांचे ओठ वाचतात. आईही तिथेच बॉबिन भरायची. त्यामुळे घरातसुद्धा ती बाबांशी आवाज न काढता, नुसते ओठ हलवून बोलते.

आजी आजारी पडली म्हणून आई धुळ्याकडे, गावी जाऊन राहिली. मी बाबांच्या फोनवर अनलिमिटेडचा रिचार्ज मारला. रोज संध्याकाळी दोघं व्हिडिओ कॉल लावून बसायचे. घरात चिटपाखराचा आवाज नाही, आणि बाबा मध्येच लाजून हसायचे. मी त्यांच्याकडे पाठ करून भाकरी थापायचे.

महिना निम्मा झाला नाही तोच आईचं तोंड अर्धं उघडं असताना चित्र अडकलं. मी कंपनीला फोन लावला. "तुमचा वापर जास्त झालाय, म्हणून स्पीड कमी केलाय. प्लॅन अनलिमिटेडच आहे, मॅडम. साधा कॉल करा ना, आवाज येईल."

आवाज येईल म्हणे! त्या आवाजाचं काय लोणचं घालायचंय आम्हाला? मी त्या पोरीला वाट्टेल ते बोलले. चित्र काही हललं नाही.

मग मीच मध्ये बसले. आई फोनवर मोठ्याने बोलायची आणि मी ते ओठांनी बाबांना सांगायचे. जेवलात का, गोळी घेतली का, गॅस बंद केला का. प्लॅन संपेपर्यंत दोघं एवढंच बोलले, लेकीसमोर बोलता येईल तेवढं. बाबा एकदाही लाजले नाहीत.