बरा आसा

आमच्या बाबांना कुणी काहीही विचारलं तरी उत्तर एकच असायचं, ‘बरा आसा.’ भाकरी करपली, बरा आसा. चाळीत दोन दिवस पाणी नाही, तरी बरा आसा. मी तेव्हा गिरगावातल्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकत होते आणि माणसाचं सुख कशात आहे यावर पानंच्या पानं लिहीत होते. घरी, लालबागला, हे दोन मालवणी शब्द ऐकले की माझं डोकं फिरायचं. ज्याला आयुष्याकडून काही मागताच येत नाही तोच असं बोलतो, असं माझं ठाम मत होतं. त्या वयात मला मतांची कमतरता नव्हती.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. बाबांचा आवाज बसला. महिना झाला तरी सुटेना, वर कोरडा खोकला. ते गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कापसाच्या धुळीत काम करत, आणि छातीच्या दुखण्यानं गेलेल्या शेजाऱ्याला आम्ही नुकतंच पोचवून आलो होतो. आईनं देव पाण्यात घातले.

मी त्यांना परळच्या इस्पितळात नेलं आणि बाहेर बाकावर बसले. दोन मिनिटांत ते लाल औषधाची बाटली घेऊन परत आले. डॉक्टरांनी ‘कसं काय?’ म्हणून विचारलं होतं आणि यांनी हात जोडून ‘बरा आसा’ सांगितलं होतं.

“बाबा, डॉक्टरला असं सांगतात का?”

“मानूस आपुलकेन इचारता,” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, “तेका वायट कित्याक सांगूचा?”

पुढच्या खेपेला मी आत गेले. ‘बरा’ म्हणालात तर कॉलेज सोडीन, अशी धमकी आधीच देऊन ठेवली होती. छातीचा फोटो काढला. डॉक्टर तो उजेडात धरून बघत राहिले तेवढा वेळ मी देवाला, ज्याला मानत नव्हते त्या देवाला, काय काय कबूल केलं ते सांगत नाही.

“गिरणी सुटल्यावर काय करता?” त्यांनी विचारलं.

बाबांनी माझ्याकडे चोरून पाहिलं. घरी ते भजनाला जातो म्हणून सांगत.

“मोर्चाक जातंय. घोषणा मीच देतंय.”

डॉक्टर हसले. “छाती स्वच्छ आहे. गळा तेवढा सोलवटलाय. पंधरा दिवस एक अक्षर बोलू नका. तुम्ही गप्प राहिलात म्हणून महाराष्ट्र अडणार नाही.”

तिथल्याच स्टुलावर बसून मी रडले आणि मग हसू आवरेना. इतकं हलकं मला पुन्हा क्वचितच वाटलं आहे.

चाळीच्या जिन्यात शेजारीणकाकू वाट बघत उभ्या होत्या. “काय म्हणाले गो डॉक्टर?”

बाबांनी सवयीनं तोंड उघडलं. मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. कॉलेजात जाऊ लागल्यापासून मी घरीही पुस्तकी बोलायचे, पण त्या क्षणी मला दुसरे शब्द आठवलेच नाहीत.

“बरा आसा,” मी म्हटलं.