जादा गॅरंटी

नाशिकच्या मेन रोडवर रेडिओ-टीव्हीचं दुकान चालवलं की माल विकला जातो, पण गिऱ्हाईक जे बोलून जातं ते दुकानातच राहतं. माझ्याकडे तसा साठा बराच आहे. आज एकाच फळीवरचा काढतो.

ऐंशीनंतरची गोष्ट. टीव्ही घरोघर शिरू लागले आणि आमच्या कंपनीनं टूम काढली. सहा महिन्यांची गॅरंटी फुकट, जास्तीचे पैसे भरले की पुढची दोन वर्षं. होळीच्या आधी मुंबईहून कंपनीचे सामंतसाहेब आले आणि चहा पिता पिता म्हणाले, "शेठ, दिवाळीपर्यंत जादा गॅरंटी खपली नाही, तर एजन्सी समोरच्या दुकानाला." समोरचा दुकानदार तेव्हा दात कोरत आमच्याकडेच बघत होता.

पहिले सापडले एक निवृत्त हेडमास्तर. टीव्ही पसंत केला, हार घालायला फुलं मागवली. मी हळूच जादा गॅरंटीचा विषय काढला.

मास्तर म्हणाले, "अहो, इथं अंतरपाट धरलाय आणि तुम्ही वकिलाचा पत्ता देताय?"

मग अंबडच्या कारखान्यातला फिटर पवार. तो तयार झाला होता. एवढंच विचारलं, "यात अट काय?"

"सेट स्वतः उघडायचा नाही. सील तुटलं की गॅरंटी रद्द."

पवारचा चेहरा पडला. "मग रविवारी मी करू काय?"

पंचवटीतल्या शालनताईंनी मात्र आमच्याच कंपनीच्या मिक्सरवर जादा गॅरंटी घेतली. मी खूश. एकदा त्यांच्याकडे गेलो, तर मिक्सर शोकेसमध्ये, अंगावर क्रोशाचं कव्हर, आणि ताई पाट्यावर चटणी वाटताहेत.

"ताई, बिघडला तर कंपनीचा माणूस येईल की."

"तेच तर! तो येणार म्हणजे घर आवरा, पोहे करा. त्यापेक्षा पाटा बरा."

दिंडोरीकडचे द्राक्षबागायतदार बापू टीव्ही घेऊन निघाले, पण गॅरंटीच्या कागदाला हात लावेनात. "कंपनी ऱ्हाती मुंबईला. तिथं कोन कुनाला वळखतंय? त्यापरीस तुमी घरी जेवाया या."

मला वाटलं, माणूस अगत्याचा. अँटेना बसवायला गेलो, वांग्याचं भरीत आणि भाकरी पोटभर खाऊन आलो. पावसाळ्यात वाऱ्यानं अँटेना फिरली आणि बापू दुकानात हजर.

"चला शेठ."

"बापू, अँटेना गॅरंटीत येत नाही."

"येत नाय कशी? जेवला नाय का तुमी?"

बापूंच्या घरात जो पानावर बसला, तो त्या घराचा झाला. मग अडीनडीला त्यानं यायचं, हा तिथला रिवाज. गेलो. काम झाल्यावर पुन्हा पान वाढलं. म्हणजे मुदत वाढली!

दिवाळी आली. शालनताई सोडल्या तर जादा गॅरंटी कुणीच घेतली नव्हती. सामंतसाहेबांनी दारावरची कंपनीची पाटी बघितली आणि शिडी मागितली. तेवढ्यात बापू आले. त्यांच्या घरच्या टीव्हीतली चित्रं नाचत होती.

"हे कोन?"

"कंपनीचे साहेब. मुंबईचे."

"मंग यांना बी घ्या की जेवाया. लय लांबून आलेत."

साहेब सकाळपासून उपाशी होते. बापूंच्या जीपमध्ये बसले. मी चित्रं ठीक केली, साहेबांनी मटणाचा रस्सा ओरपला. बापूंची बायको आग्रहानं वाढत होती. बापू माझ्याकडे बघत होते, मी ताटाकडे.

"पाटीचं पुढं बघू," नाकाचं पाणी पुसत साहेब म्हणाले.

संक्रांतीनंतर बापूंच्या टीव्हीची पिक्चर ट्यूबच गेली. फुकटची गॅरंटी कधीच संपली होती. मी म्हटलं, "बापू, हे माझ्या हातातलं नाही."

"तुमच्या नाय. साहेबांच्या हाय. फोन लावून द्या."

मुंबईला ट्रंक कॉल लागला. बापूंनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. "साहेब, मी दिंडोरीचा बापू. तुमी आमच्यात जेवला व्हता नव्हं?"

पलीकडचं मला ऐकू आलं नाही.

त्याच आठवड्यात दुकान उघडत होतो. माझ्याच दारात, कंपनीच्या पाटीखाली, सामंतसाहेब छातीशी पिक्चर ट्यूबचं खोकं धरून उभे.

"शेठ," ते म्हणाले, "दिंडोरीची एसटी कुठून सुटते?"