मंचर ते मंचर, मार्गे सिंगापूर

मंचरमध्ये त्या काळात दोन माणसं इंटरनेट विकत होती आणि दोघांनाही इंटरनेट म्हणजे काय हे माहीत नव्हतं. एकाकडे मी नोकरीला होतो. दुसरा त्याचा साडू. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, दोघांचा आधीचा धंदा केबल टीव्हीचा, आणि दोघांची ऑफिसं पुणे-नाशिक रस्त्याच्या दोन बाजूंना. आमचा मालक मूळचा राजुरीचा, म्हणजे जुन्नर तालुक्याचा. साडू आंबेगावातला. एवढ्या भांडवलावर दोघं तालुक्यांच्या अब्रूची लढाई लढत होते. एकमेकांच्या वायरी विजेच्या खांबावरून कापायच्या आणि लग्नात भेटले की "काय पावणं, बरं हाय ना?" म्हणत शेजारी जेवायला बसायचं.

मोबाइलवर इंटरनेट यायला अजून वेळ होता. आमच्या पाटीवर 'हायस्पीड' असं लाल अक्षरांत लिहिलेलं होतं. ते लिहिणाऱ्या पेंटरनेही आमचं कनेक्शन घेऊन दोन महिन्यांत सोडलं होतं.

आमच्या गिऱ्हाइकांमध्ये एक ताई होत्या. त्यांचं डीटीपीचं दुकान रस्त्याच्या साडूच्या बाजूला होतं, पण कनेक्शन आमचं होतं. लग्नपत्रिका, अर्ज, आणि सगळ्यात जास्त वाढदिवसाचे फ्लेक्स. फ्लेक्स छापायचं मशीन समोर, रस्त्याच्या आमच्या बाजूला. आणि त्या मशीनवाल्याचं कनेक्शन साडूचं. ताई डिझाइन करायच्या आणि फाइल त्याला पाठवायच्या. फाइल मोठी असायची, कारण साहेब मोठे, खाली शुभेच्छुकांचे चाळीस फोटो, आणि प्रत्येकाला आपला गॉगल स्पष्ट दिसायला हवा असायचा.

एकदा ताईंनी मला बोलावून घेतलं.

"हे बघ. सकाळी धाडलीय फाइल. जेवण झालं, अजून अर्धी जाईना. समोरचं दुकान मला इथनं दिसतंय!"

"सीडी करून द्या ना, ताई."

"दुकान सोडून दिवसातनं दहा वेळा हा हायवे ओलांडू? ट्रकखाली जाऊ का तुमच्या हायस्पीडसाठी?"

मी त्यांच्या कॉम्प्युटरवर फाइल कुठल्या रस्त्याने जाते ते तपासलं. मंचरहून पुणे, पुण्याहून मुंबई, मुंबईहून सिंगापूर. तिथून परत मुंबई, पुणे, आणि शेवटी समोरचं दुकान. आमचा मालक वरच्या एका कंपनीकडून लाइन घ्यायचा, साडू दुसरीकडून. त्या दोन कंपन्या देशात कुठेच एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. मुंबईत अशी जागा सुरू झाली होती, जिथे सगळ्या कंपन्या आपापली वायर आणून एकाच पेटीत लावतात आणि एकमेकांचा माल तिथल्या तिथे देतात-घेतात. तिला एक्स्चेंज म्हणतात. पण आमच्या वरच्या कंपनीला तिथे जाण्यात कमीपणा वाटत असावा. मालकाला शोभेल अशीच कंपनी त्याला मिळाली होती.

ताईंना हे सांगितलं तर त्या खुर्चीत मागे रेलून हसल्या. "म्हंजी साहेब कधी घोडेगावच्या पुढं गेलं न्हाईत, आन् त्यांचा फोटो सिंगापूरला जाऊन येतोय!"

उपाय सोपा होता. रस्त्यावरून एक वायर टाकायची आणि दोन्ही ऑफिसं जोडायची. साडूच्या गिऱ्हाइकासाठी असलेलं सामान आम्ही थेट त्याला द्यायचं, आमचं त्याने आम्हाला. बाहेरगावचं ज्याचं त्याने आपापल्या लाइनने न्यायचं. मी मालकाला समजावलं.

"त्याची वायर माझ्या हापिसात?" मालक म्हणाला. "आन् आपली वायर त्याच्याकडं नेली, तर? मग उद्या सगळा गाव म्हणंल, हा साडूच्या दारात गेला."

साडूकडे विचारलं तर तो म्हणाला, "आधी पावण्यांनी यावं. मी मोठा जावई हाय."

एक महिना हेच. कुणाची वायर कुणाच्या दारात जाणार. शेवटी ताई वैतागल्या. "माझ्या दुकानात ठेवा पेटी. दोघंबी या, दोघांचीबी अब्रू जिथल्या तिथं राहील."

हा निरोप मी दिला तेव्हा मालकाने मिशी चाचपली. "दुसरी जागा न्हाई का?"

"का?" मी विचारलं.

"न्हाई, आपलं इचारलं."

ताईंच्या कॉम्प्युटरवर बुद्धाची एक लहानशी मूर्ती असायची. मालकाने का विचारलं ते मला कळलं, आणि मी वायरीचं माप सांगायला लागलो. पेटी बसवायच्या दिवशी ताईंनी चहा मागवला तेव्हा मालक म्हणाला, "आत्ताच झाला." साडूचाही आत्ताच झाला होता. या एका बाबतीत दोघांचं एकमत होतं.

माळ्यावर आठ भोकांचा एक स्विच, म्हणजे ती पेटी, बसला. एका भोकात आमची वायर, दुसऱ्यात साडूची. त्याच्याकडच्या टेक्निशियनने आणि मी मिळून दोन्हीकडच्या राऊटरना सांगितलं, की हे पत्ते समोरच्याचे आहेत, ते इकडून पाठव. दुपारी ताईंनी फ्लेक्सची फाइल पाठवली आणि चहाचा ग्लास खाली ठेवेपर्यंत समोरून फोन आला: "मिळाली." आठ दिवसांत दोन्ही साडूंनी आपापले फ्लेक्स लावले. दोघांवरही मजकूर एकच, 'तालुक्यात प्रथमच'. दोन्ही ताईंनीच करून दिले होते.

मग दहावीच्या निकालाचा दिवस आला. मालकाचं एक इंटरनेट कॅफे होतं, साडूचंही होतं. साडूचं ताईंच्या दुकानाला लागूनच, आमचं समोर रस्त्यापलीकडे. सकाळीच मालक मला म्हणाला, "आज लई गर्दी हुणार. आपल्या घरच्या गिऱ्हाइकांचं सगळं ओझं पावण्याच्या लाइनीवर टाक. आपली लाइन आपल्या कॅफेला मोकळी ठेव."

"तसं ठरलेलं नाही. बाहेरचं आपलं आपण न्यायचं ठरलंय."

"त्याला कळतंय व्हय? करून टाक. एक दिसाचा प्रश्न."

मी करून टाकलं. चार ओळी लिहायच्या होत्या. आमच्या शेकडो घरांमधून बाहेर जाणारं सगळं ताईंच्या माळ्यावरून साडूच्या राऊटरमध्ये शिरलं, आणि त्याने ते मुकाट्याने पुढे ढकललं. ही अक्कल मालकाची होती, पण हात माझे होते. आणि खरं सांगायचं तर ते जमलं याचा मला त्या घटकेला अभिमानही वाटला. माझ्यासारख्या माणसांच्या जिवावरच असले मालक चालतात.

दुपारी एकला निकाल लागला. आमच्या कॅफेत पानं झरझर उघडत होती. साडूच्या कॅफेत एक पान उघडेना. पावणेतीनच्या सुमारास मी ताईंच्या दुकानात गेलो, स्विच नीट चाललाय का ते बघायला. तिथे लांब डोंगरातल्या आहुप्याचा एक माणूस आपल्या मुलीला घेऊन बसला होता. साडूच्या कॅफेत दीड तास थांबून कंटाळून ताईंकडे आला होता. ताईंचंही पान उघडत नव्हतं. त्यांचं कनेक्शन आमचं, म्हणजे मीच ते साडूकडून वळवलेलं.

"काय झालंय रे?" ताईंनी विचारलं.

"बोर्डाचा सर्व्हर बसलाय," मी म्हणालो.

तो माणूस उठला. "मग आज काय लागत न्हाई?"

"अवघड आहे," मी त्याला सांगितलं. समोर, चाळीस पावलांवर, आमच्या कॅफेत तोच निकाल दिसत होता. मी त्याला तिकडे जा म्हणालो नाही. सांगितलं असतं तर माझं खोटं उघडं पडलं असतं.

"तीनची गाडी हाय आमाला," तो म्हणाला. "ही चुकली तर मुक्काम. चल गं." मुलगी नंबराचा कागद ताईंच्या टेबलावर ठेवून गेली.

ते गेल्यावर ताईंनी माळ्याकडे बघितलं. "सर्व्हर बसलाय तर ह्यो दिवा एवढा का धडधडतोय?"

तेवढ्यात साडूचा टेक्निशियन धापा टाकत आत आला. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "ताई, ह्यांनी सगळ्या गावाचं ओझं आमच्यावर सोडलंय."

ताईंनी मला विचारलं, "खरं हाय?"

त्या स्टुलावर चढल्या आणि आमची वायर उपसून काढली. मिनिटभरात त्यांच्या शेजारच्या कॅफेतून पोरांचा ओरडा ऐकू आला. ताईंनी स्वतः तिथे जाऊन तो नंबर टाकला. मुलगी पास झाली होती, फर्स्ट क्लास. पण गर्दीत पाळी येईपर्यंत तीनची गाडी निघून गेली होती. ताईंनी निकाल छापून घेतला, पाकिटात घातला, आणि दुसऱ्या दिवशी आहुप्याच्या गाडीच्या कंडक्टरकडे दिला. त्या बाप-लेकीने ती एक रात्र मी सांगितलेल्या खोट्यावर काढली.

संध्याकाळी मालक आला तो आमची वायर परत लावायला सांगायला. "एवढं काय झालं त्यात? घरातली गोष्ट."

ताईंनी लेटरहेडवर चार ओळी टाइप केल्या. माझ्या पेटीतून फक्त एकमेकांच्या गिऱ्हाइकांचं जाईल. बाहेरचं कुणी कुणावर टाकायचं नाही. टाकलं तर वायर मी काढीन आणि परत लावणार नाही. खाली दोन सह्यांसाठी जागा. आधी सही कुणी करायची यावर दोन्ही साडूंनी पाऊण तास घालवला. शेवटी ताईंनी दोन प्रती काढल्या आणि दोघांना एकाच वेळी पेन दिलं. साडूच्या टेक्निशियनने राऊटरमध्ये असा बंदोबस्त केला की त्यांच्या गिऱ्हाइकाचा पत्ता नसलेलं काहीच आत घ्यायचं नाही. तो त्याने पहिल्याच दिवशी करायला हवा होता. पण त्याने आमच्यावर विश्वास ठेवला होता.

पुढे दोनेक वर्षं ती पेटी बिनबोभाट चालली. नंतर टेलिफोनच्या तारेतून ब्रॉडबँड आलं, गिऱ्हाइकं तिकडे गेली आणि दोन्ही साडू प्लॉटिंगच्या धंद्यात उतरले. तिथेही हद्दीवरून भांडतात असं ऐकलं.

मला मात्र त्या निकालानंतर ताईंनी माळ्यावर चढू दिलं नाही. स्विच अडला की त्या साडूच्या माणसाला बोलवायच्या. मी दुकानात असलो तरी. तो यायचा, मी स्टूल धरायचो, आणि त्या मला चहा मात्र न चुकता द्यायच्या.