दाईनं गरोदर असू नये

गरोदर बाईनं दुसरीच्या बाळंतपणात पाऊल ठेवू नये, असं आमच्या भागात मानतात. एका खोलीत दोन पोटं आली की एकाचं काहीतरी वाईट होतं म्हणे. हा नियम ज्यांनी केला त्यांनी दाईचा विचार केला नव्हता. दाईलाही पोट असतं, हे मुळात कुणाच्या डोक्यातच येत नसावं.

निजामाचं राज्य होतं. कळमनुरीकडच्या एका दवाखान्यात मी दाई होते. माझे मालक, म्हणजे नवरा, नांदेडला गिरणीत कामाला. लग्नाला इतकी वर्षं झाली होती की सासरची माणसं मला तोंडावर वांझ म्हणत, आणि तेव्हा कुठे मला दिवस राहिले. पाचवा महिना लागला होता. हे लेकरू मला हवं होतं. सकाळी पोटावर हात फिरवल्याशिवाय मी अंथरूण सोडत नसे.

दवाखान्यात हे फक्त आपाला माहीत होतं. आपा म्हणजे आमची मोठी दाई, हैदराबादेत शिकून आलेली. हात लोण्यासारखा, जीभ कातरीसारखी. बाहेर कळलं तर गावोगावच्या गाड्या यायच्या थांबतील आणि डॉक्टरसाहेब मला काढून टाकतील, हे तिनंच मला बजावलं होतं.

आल्यागेल्या पोटुशीला मी दटावत असे. जड उचलू नको, बैलगाडीत बसू नको, डाग दिसला की पाय उंच करून निजून राहा. लोका सांगे ब्रह्मज्ञान. एका सकाळी माझ्याच लुगड्याला डाग दिसला, आणि दारात डोंगरकडा गावाहून गाडी आली. तिथल्या जमीनदाराची सून अडली होती.

"आपा, आज तुमी जा. मला डाग दिसून राहिला," मी म्हणाले.

"माझा गुडघा गाडीत चढत न्हाई. आन् डागाचं काय सांगतीस? माझं तर अख्खं लेकरू गेलं, दुसऱ्या दिवशी कामावर होते. मेले का मी?"

तिनं जुन्या लुगड्याचा एक धडपा घेतला, बाळंतिणीचं पोट आवळतात तसं माझं पोट आवळलं आणि वरून लुगडं सैल करून दिलं. "आता न्हाई दिसत कोणाला," म्हणाली. मला तिचा राग आला, पण गाडीत मी माझ्याच पायांनी चढले.

सून लहानखुरी होती, घाबरलेली. दिवसभर मी तिच्यापाशी गुडघ्यावर होते. तिला मी गरम पेज पाजायला लावली, तिच्या पायांना तेल चोळायला लावलं, "तिच्यावर कोणी ओरडायचं न्हाई" असं तिच्या सासूला दरडावलं. सासूनं ऐकलंही. दुसरीसाठी बोलताना माझा आवाज असा चढायचा. माझ्या स्वतःच्या पोटात कळ उठली की मी ओठ चावत होते. दिवस कलता कलता पोरगं झालं, खणखणीत रडलं, घरानं गूळ वाटला.

परतीच्या वाटेवर माझं गेलं. गाडीवान खाली उतरून बैलांकडे तोंड करून उभा राहिला. मी ते धडप्यात गुंडाळलं आणि बांधाकडेची माती हातानं उकरून पुरलं. मुलगा होता. माणूस वाईट नव्हता तो गाडीवान, पण धन्याला सगळं सांगायची त्याला सवय होती.

मी दुसऱ्या दिवशी कामावर होते. तिसऱ्या दिवशी जमीनदारीणबाई, म्हणजे त्या सुनेची सासू, दवाखान्यात हजर. नातवाला ताप होता.

"पोटुशी होतीस आन् आमच्या खोलीत शिरलीस? आमच्या लेकरावर सावट आणलंस?"

गरज सरो, वैद्य मरो, ही म्हण मी पाठ म्हणत आले होते. त्या दिवशी ती माझ्यासमोर नथ घालून उभी होती. डॉक्टरसाहेबांनी मला आत बोलावलं. "बोल दे, पेट में कुछ था इच नहीं. नहीं बोली तो कल से मत आ." मी आपाकडे पाहिलं. ती बाटल्या पुसत होती.

मी बाहेर आले. "माझ्या पोटात काही नव्हतं, बाई. अंगावरून जायचं जुनं दुखणं हाय मला."

"शपथ घे."

"कोणाची घेऊ?"

"पोटच्याची घे म्हणले असते, पण तुला हाय कोण? नवऱ्याची घे."

घेतली. नोकरी गेली असती तर परत सासरी जावं लागलं असतं, रिकाम्या पोटानं. बाई लगेच निवळल्या. मी खरी की खोटी याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं, त्यांना फक्त नातू सुखरूप हवा होता. त्याचा ताप पुढं आपोआप उतरलाही. त्यांनी गाडीतून खण आणि नारळ मागवले आणि म्हणाल्या, "बाळंतपण चांगलं केलंस, ते मी न्हाई म्हणत न्हाई. ये, ओटी भरते. तुझ्याबी पदरात एखादं लेकरू पडू दे."

मी पदर पसरला. मला दूध आलं होतं. चोळी भिजून ओल पदरापर्यंत आली होती, आणि नारळ ठेवताना त्यांच्या बोटांना ती लागली.

"किती घाम आला गं तुला," त्या म्हणाल्या, "बस जरा सावलीला."

इतक्या दिवसांत मला बस म्हणणारी ती पहिलीच.