एक मेइतेने, दोन मेइतेनेस

म्युनिकला उतरले तेव्हा बाहेर दाट धुकं होतं. तिथून आगगाडीनं रेगेन्सबर्ग. तिथल्या कार कारखान्यात माझी गौरी इंजिनिअर आहे. जावई आंद्रिस लाटवियाचा. तिला जुळ्या मुली झाल्या. लीना वाचली, दुसरी दुसऱ्याच दिवशी गेली.

आंद्रिसची आई, वेल्ताबाई, आधीच येऊन राहिल्या होत्या. मला त्यांनी रुपमाइझे (राय धान्याचा काळा, आंबूस पाव) लोणी लावून दिला. आम्हा विहिणींना समान भाषा नव्हती, गौरीच दुभाषी.

पाळण्यावर वाकून त्या पुटपुटल्या, “मानस मेइतेनेस.”

“काय म्हणाल्या गं?”

“माझ्या मुली,” गौरी म्हणाली. “एक असली की मेइतेने, जास्त असल्या की मेइतेनेस.”

“चुकून म्हणाल्या असतील.”

“नाही आई. रोज असंच म्हणतात.”

मी तिला जवळ घेतलं. “ते बाळ गेलं, राणी. आता लीनाकडे बघ.”

ती बाजूला सरकली. “तूही ‘ते’च म्हणतेस. हॉस्पिटलात सगळे ‘दास बेबी’ म्हणायचे, म्हणजेही ‘ते’च. लाटवियनमध्ये नपुंसकलिंगच नाही. तो, नाहीतर ती. म्हणून सासूबाईंच्या तोंडी ती ‘ती’च राहिली.”

मी लीनाचं दुपटं नीट केलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी लीनाला बाबागाडीत घालून फ्रीडहोफला (दफनभूमीला) निघालो. बसमधून एक स्टॉप आधीच उतरलो आणि डोनाऊ नदीवरच्या बोचऱ्या वाऱ्यात चालत राहिलो. कोपऱ्यात चिमुकला दगड होता, त्यावर फक्त नाव: इरा. ते मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. वेल्ताबाईंनी मेणबत्ती लावली आणि बाजूला होऊन मला जागा दिली.

मी खाली बसले. “इरा, आजी आलीय गं तुझी.”

गौरी माझ्या पाठीवर डोकं टेकून मोठ्यानं रडली. वेल्ताबाई लीनाची गाडी हलवत उभ्या राहिल्या.

परतीच्या विमानात मला झोप लागली नाही. नातवंडांबद्दल लोक विचारतील, तेव्हा काय सांगायचं? शाळेत वचन बदलायला शिकले होते. ते इतकं जड असतं, हे ठाऊक नव्हतं.

विमानतळावर हे घ्यायला आले होते.

“नात कशी आहे?”

“लीना आता हसते. इराला दफनभूमीत भेटून आले. दोघी भेटल्या.”

ह्यांनी उचललेली बॅग खाली ठेवली. मग हळूच विचारलं, “कुणासारखी होती गं ती?”

“घरी चला,” मी म्हटलं, “सगळं सांगते.”