किरणांच्या खोलीबाहेरची कोळीण

लिम्फोमाच्या केमोनंतर माझा स्कॅन स्वच्छ आला, तरी डॉक्टरांनी रेडिएशन सांगितलं. पहिल्या दिवशी अंधेरीच्या हॉस्पिटलात मी धास्तावून बसले होते. शेजारी खारदांड्याची एक कोळीण होती. तिचाही आजार तोच.

"घाबरतेस कशाला गं?" ती म्हणाली. "मोठी गाठ होती ना, तिथं एखादी पेशी लपून राहिली असेल तर तीपण जावी, म्हणून देतात. मासा साफ केल्यावर मी परत बोट फिरवतेच की, खवलं राहिलं का बघायला."

तिचा तो रेडिएशनचा शेवटचा दिवस होता. आत जाऊन आली आणि इवल्याशा नव्या केसांत गजरा माळू लागली. तो टिकेना. मी पिना लावून दिल्या. माझं नाव पुकारलं, तेव्हा आम्ही दोघी हसत होतो.